खान्देशातल्या पोरांसाठी शिडाच्या होड्या आणि दर्यावर्दी शिक्षण : धर्मादाय संस्था उभी करतोय, मतं हवीत

नांगर (रावेर) :

राम राम मंडळी,

बरेच दिवस मनात असलेला विषय आज सविस्तर मांडतो. लांबलचक झालंय, सवडीने वाचा.

मी रावेर तालुक्यातला, घरी केळी. मर्चंट नेव्हीत खलाशी म्हणून चढलो आणि बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, म्हणून निवृत्त झालो. आता गावीच असतो. भुसावळ, यावल, जळगावकडचे आम्ही काही जहाजावरचे लोक, नौदलातून निवृत्त झालेले एक काका आणि एक क्रीडाशिक्षक मिळून संस्था नोंदवायच्या तयारीत आहोत. बारा ते वीस वयाच्या पोरापोरींना फुकट पोहायला शिकवायचं, शिडाची होडी चालवायला शिकवायचं, आणि ज्याला समुद्रावर जायचंच आहे त्याला खरी वाट दाखवायची, एवढंच काम.

समुद्र कुठे आणि खान्देश कुठे, हे सगळेच विचारतात. पण आपली तापी सुरतेपलीकडे समुद्रालाच मिळते ना. मोगलांच्या काळात सुरत बंदरातून बुऱ्हाणपूरला जायची वाट नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा अशी आपल्याच गावांतून होती. टॅव्हर्निअर हा फ्रेंच व्यापारी सतराव्या शतकात याच वाटेने गेला. बुऱ्हाणपूरचं कापड इथून जाऊन जहाजात चढायचं. समुद्राशी आपलं नातं जुनं आहे, मधल्या काळात ते तुटलं.

आज आपल्याकडे पाणी म्हणजे पाळी, मोटार आणि ठिबक. पोरांचा पाण्याशी संबंध येतो तो उन्हाळ्याच्या सुट्टीत, चोरून. मे महिन्यात पेपर उघडला की कुठेतरी पोर बुडाल्याची बातमी असतेच. त्यात शेततळी वाढली. शेततळ्याला आत प्लास्टिकचा कागद असतो, त्यावर शेवाळ धरलं की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही काठ चढता येत नाही. पाय घसरतो, हाताला धरायला काही नसतं, आणि माणूस काठापासून हातभर अंतरावर दमून बुडतो. चारही बाजूंनी गाठी मारलेला एकेक दोर आत सोडून ठेवला तरी जीव वाचतात. ज्यांच्याकडे शेततळं आहे त्यांनी संस्थेची वाट न बघता हे काम आजच करा.

आता शिडाचं. एवढं सगळं सोडून शीडच का? दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश जहाजं बुडायची आणि लोक लाइफबोटीत उतरायचे. ब्लू फनेल कंपनीचे मालक लॉरेन्स होल्ट यांच्या लक्षात आलं, की तरणीबांड पोरं लाइफबोटीत आधी खचतात आणि शिडाच्या जहाजावर उमेदवारी केलेले वयस्क खलाशी तग धरतात. त्यांनी कर्ट हान या शिक्षकाला हाताशी धरून १९४१ साली वेल्समधल्या अ‍ॅबरडोव्हीला शाळा काढली. आउटवर्ड बाउंड या साहसातून पोरं घडवणाऱ्या चळवळीची सुरुवात तीच. पोराला खलाशी बनवायचंच असा तिथे हट्ट नव्हता. समुद्राच्या हाताखाली पोर तयार व्हावं, मग त्याने पुढे काहीही करावं, असा विचार होता. आमचाही तोच विचार आहे.

पुढे १९५६ मध्ये इंग्लंडमधल्या टॉर्बेपासून लिस्बनपर्यंत जुन्या शिडाच्या जहाजांची शर्यत झाली. ती परंपरा आजही चालू आहे आणि जहाजावरचे निम्मे लोक १५ ते २५ वयाचे असले पाहिजेत हा तिचा नियम आहे. अशी जहाजं चालवणाऱ्या कितीतरी धर्मादाय संस्था युरोपात आहेत. गरीब घरातली, शाळेतून गळालेली, आजारातून उठलेली पोरं त्या नेतात.

आपल्या देशातही उदाहरणं आहेत. हैदराबादला हुसेनसागरवर हातावर पोट असलेल्या घरांतली मुलं शिडाच्या होड्यांत तयार होतात आणि राष्ट्रीय स्पर्धांत पदकं आणतात. हैदराबादला कुठे समुद्र आहे? भोपाळच्या मोठ्या तलावावर नॅशनल सेलिंग स्कूल आहे. तिथे शिकलेली नेहा ठाकूर देवास जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची लेक. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत तिने आयएलसीए ४ या एकट्याने चालवायच्या शिडाच्या होडीच्या प्रकारात रौप्यपदक घेतलं. देवास आपल्यापेक्षाही समुद्रापासून लांब.

होडी म्हणाल तर सुरुवात ऑप्टिमिस्टने. १९४७ साली अमेरिकेत फ्लोरिडात क्लार्क मिल्स या होडी बांधणाऱ्याने ही खास पोरांसाठी, घरच्या घरी प्लायवूडमधून बांधता यावी अशी केली. लांबी २.३ मीटर, रिकामी होडी ३५ किलोची, एक शीड, एक सुकाणू. दोन पोरं ती उचलून काठावर आणतात.

सध्या डोळ्यासमोर जागा तीन : जळगावचा मेहरूण तलाव, वाघूर धरण आणि हतनूरचं पाणी. तुम्हाला काय वाटतं? शंका मोकळेपणाने मांडा, शुभेच्छांपेक्षा त्यांचा उपयोग जास्त होईल.

--

केळीची_बाग :

वाचनखूण साठवली. शेततळ्याच्या दोराचं आजच करतो.

--

चोपडेकर :

नांगरभाऊ, मनापासून अनुमोदन. मी माध्यमिक शाळेत शिकवतो. आमच्या वर्गात किती जणांना पोहता येतं असं विचारलं की हात वर होतात ते तापीकाठच्या भोई-कोळी वस्तीतल्या पोरांचेच. मुली तर जवळपास नाहीतच. आईबाप म्हणतात, पाण्याजवळ जाऊच नको. त्यांचंही चूक नाही, कारण शिकवणार कोण आणि कुठे? तालुक्याच्या गावी तलाव असेल तर त्याची फी असते आणि बायकांची वेळ भर दुपारची.

दोन प्रश्न. होडी उलटली तर काय? आणि पोहता न येणाऱ्या पोराला तुम्ही होडीत बसवणार का?

--

नांगर (रावेर) :

गुरुजी, उलटा क्रम घ्या. आधी पोहणं. अंगावरच्या कपड्यांनिशी ५० मीटर पोहून गेलं आणि मग पाण्यात न घाबरता तरंगत राहिलं, तरच होडी. त्यातही लाइफ जॅकेट सक्तीचं. काठावर उभं राहणाऱ्या शिक्षकालाही.

होडी उलटणार, हे आम्ही धरूनच चालतो. पहिला पाठ तोच असतो. शिक्षक शेजारी पाण्यात उभा, कमरेइतकं पाणी, आणि होडी मुद्दाम उलटी करायची. पोर आधी डोकं वर काढतं, होडीला धरतं. होडी सोडायची नाही, काठ कितीही जवळ दिसला तरी. मग पोहत बुडाच्या बाजूला जायचं. बुडातून एक फळी बाहेर आलेली असते, डॅगरबोर्ड म्हणतात तिला. तिच्यावर दोन्ही हातांनी लटकायचं, जमलं तर पाय देऊन उभं राहायचं आणि अंग मागे टाकायचं. आधी काहीच होत नाही. मग शीड हळूहळू पाण्यातून सुटतं आणि एकदम होडी सरळ होते, काठोकाठ पाणी भरलेली. पण बुडत नाही, कारण आत हवेच्या तीन पिशव्या बांधलेल्या असतात. मागून आत चढायचं आणि दोरीने बांधलेल्या डब्याने पाणी उपसायचं. दहा-बारा वर्षांचं पोर हे एकट्याने करतं. ते केल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे दिसतं, त्याच्यासाठी मी हा खटाटोप करतोय.

मुलींसाठी वेगळी वेळ नको, वेगळी शिक्षिका हवी. तशी बाई मिळत नाही तोवर बॅच सुरू करायची नाही असं आम्ही ठरवलंय.

--

वाघूरकाठ :

माझा विरोध नोंदवतो, राग मानू नका. मी पाटबंधारे खात्याची कामं जवळून पाहिलेला माणूस आहे.

एक, आपली धरणं म्हणजे हुसेनसागर नव्हे. हतनूरला गाळ किती साचलाय ते सगळ्यांना माहीत आहे. पावसाळ्यात पूर आला की ४१ दरवाज्यांपैकी कितीही दरवाजे कधीही उघडतात, तेव्हा पाण्यात चिटपाखरू नको. उन्हाळ्यात पाणी मागे सरतं आणि काठाला मांडीभर चिखल. मग वर्षातून उरतात किती महिने? दोन, वाघूरचं पाणी जळगाव शहर पितं. परवानगी कोण देईल? तीन, आणि हे महत्त्वाचं, ज्या शाळांत प्रयोगशाळा नाही, मुलींना धड स्वच्छतागृह नाही, तिथे शिडाच्या होड्या? हा क्लबवाल्यांचा खेळ आहे.

आणि तुम्ही विलायतेतली उदाहरणं दिलीत म्हणून सांगतो. ज्युबिली सेलिंग ट्रस्ट ही १९७८ मध्ये सुरू झालेली संस्था अपंग आणि धडधाकट माणसांना बरोबरीने जहाजावर कामाला लावायची. त्यासाठी त्यांनी लॉर्ड नेल्सन आणि टेनेशियस ही दोन मोठी शिडाची जहाजं खास बांधून घेतली. काम अप्रतिम. पण जहाजांचा खर्च पेलेना आणि २०२३ मध्ये संस्था बंद पडली. इंग्लंडमध्ये ही गत, तर आपल्याकडे काय होईल?

--

नांगर (रावेर) :

वाघूरकाठ साहेब, असा विरोध हवाच होता. तुमच्या क्रमानेच बोलतो.

हंगामाचं तुम्ही अगदी बरोबर. दसऱ्यापासून शिमग्यापर्यंतच पाण्यात उतरायचं, पावसाळ्यात नाही म्हणजे नाही. हतनूरबद्दल तुमचं ऐकतो आणि ते यादीतून काढतो. गाळात डॅगरबोर्ड रुतला तर पोराला होडी सोडून चालत काठाला येता येत नाही, आणि तो मांडीभर चिखल मी स्वतः पाहिलाय. पक्ष्यांच्या दृष्टीनेही हिवाळ्यात ते पाणी शांत राहिलेलं बरं.

वाघूरचं पाणी पिण्याचं आहे म्हणूनच मी शीड म्हणतो. शिडाला डिझेल लागत नाही, तेलाचा थेंब पाण्यात पडत नाही. सुरक्षेची एक होडी लागते, ती वल्ह्याची किंवा बॅटरीच्या मोटारीची ठेवता येते. तापी पाटबंधारे विकास महामंडळाकडे अर्ज करणार, त्यांनी नाही म्हटलं तर नाही. तोवर मेहरूणवर ऑप्टिमिस्ट चालतील एवढं पाणी आहे.

ज्युबिली ट्रस्टची गोष्ट मला माहीत आहे आणि तिचं दुःखही आहे. तिचा धडा मी असा घेतो : जहाज घ्यायचं नाही. मोठं जहाज उभं असलं तरी खातं. रंग, दोर, विमा, सर्वेक्षण, माणसं. आपल्याला प्लायवूडच्या सहा होड्या हव्यात. परदेशातून आणलेली एकेक ऑप्टिमिस्ट लाखाच्या पुढे जाते, पण मरीन प्लाय आणि इपॉक्सीमध्ये ती इथे बांधता येते. स्पर्धेच्या दर्जाची होणार नाही, शिकायला उत्तम होईल. आयटीआयच्या सुतारकामाच्या पोरांनी बांधावी अशी माझी इच्छा आहे. बांधणारा पोरगाही शिकला आणि चालवणाराही शिकला.

तिसऱ्या मुद्द्यावर मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. स्वच्छतागृह हवंच, त्यासाठी भांडायलाही तुमच्यासोबत येतो. पण गरिबाच्या पोराने आधी सगळ्या गरजा भागवाव्यात आणि मगच काहीतरी मोठं बघावं, हे मला पटत नाही. माझ्या आयुष्यात मोठं जे काही आलं ते घरात काहीच नसताना आलं.

--

पांझराकाठ (धुळे) :

वारा आहे का हो पण? मुंबईसारखा रोजचा खारा वारा आपल्याकडे नाही.

--

नांगर (रावेर) :

वारा नसता तर साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलला एवढ्या पवनचक्क्या उभ्या राहिल्या नसत्या! पण तुमचा प्रश्न रास्त आहे. हिवाळ्यात आपल्याकडे सकाळी वारा पडलेला असतो, ऊन वर आलं की सुटतो. शिकणाऱ्याला असाच मंद वारा हवा.

मंद वाऱ्यात पोराला वारा कुठून येतो ते गालावर ओळखावं लागतं. मग त्याला पहिलं आश्चर्य कळतं, की होडी वाऱ्याकडेही जाऊ शकते. थेट तोंडावर नाही. वाऱ्याच्या दिशेपासून साधारण ४५ अंश डावीकडे किंवा उजवीकडे. थोडं डावीकडे जायचं, होडी वळवायची, शीड दुसऱ्या अंगाला घ्यायचं, थोडं उजवीकडे जायचं. सातपुड्यातला घाटरस्ता वळणं घेत घेत माथा गाठतो, तसं. बुडातली ती फळी होडीला आडवं वाहून जाऊ देत नाही, म्हणून शिडातला वारा तिला पुढे ढकलतो. भौतिकशास्त्राचा धडा आहे हा. चोपडेकर गुरुजी, नववीच्या वर्गाला बलं शिकवायची तर तलावावर आणा.

--

जुना_कॅडेट (मुंबई, मूळ पारोळा) :

छान धागा. मुंबईत कुलाब्याला सी कॅडेट कोर आहे. १९३८ साली कराचीत सुरू झाली, फाळणीनंतर मुंबईत आली. सरकारी नाही, स्वयंसेवकांच्या जोरावर चालते. मी शाळेत असताना तिथे जायचो. कवायत, गाठी, वल्हवणं, झेंड्यांचे संकेत, शिस्त. आमच्यातले थोडेच जहाजावर गेले, बाकीचे बँकेत, दवाखान्यात, दुकानात. पण गणवेशाला स्वतः इस्त्री करायची आणि वेळेवर पोचायचं हे हाडात मुरलं.

एक सूचना. एनसीसीच्या नौदल शाखेशी बोला. नागपूरलाही तिचं युनिट आहे, म्हणजे समुद्र नसणं ही अडचण नाही. आणि पोरांना वर्षातून एकदा तरी मुंबईला आणा. माझगाव, ससून डॉक, गेटवेवरून दिसणारी नांगरलेली जहाजं. तरंगिणी बंदरात असली आणि बघायची परवानगी मिळाली तर सोन्याहून पिवळं. नौदलाचं हे तीन डोलकाठ्यांचं प्रशिक्षण जहाज १९९७ पासून सेवेत आहे आणि २००३-०४ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून आलंय. पोराने मान वर करून ती डोलकाठी पाहिली पाहिजे.

--

भुसावळ_जंक्शन :

मी कधी लिहीत नाही, पण आज लिहितो. माझ्या पुतण्याला मर्चंट नेव्हीत लावतो म्हणून एका एजंटने दादांकडून पैसे घेतले. नाव लिहीत नाही. गणवेशातले फोटो, जहाजाचे व्हिडिओ, परदेशातल्या कंपनीचं पत्र, सगळं दाखवलं. दादांनी वहिनीचे दागिने मोडले. पोराला कुठल्याशा खोलीत काही दिवस ठेवलं, एक कागद दिला आणि म्हणाले कॉल येईल. आला नाही. फोन बंद. पोरगा आता गॅरेजमध्ये आहे आणि जहाजाचं नाव काढलं की उठून जातो.

तुमची संस्था होडी शिकवेल, चांगलंच आहे. पण आधी हे थांबवा.

--

नांगर (रावेर) :

भाऊ, वाचून वाईट वाटलं. हा अनुभव तुमच्या एकट्याचा नाही, आमच्या पट्ट्यात गावोगावी आहे. संस्था काढायचं हेच माझं अर्ध कारण. त्यामुळे इथे नीट लिहितो, कुणालाही पुढे पाठवा.

दहावी झालेल्या पोराला जहाजावर जायची सरळ वाट म्हणजे जीपी रेटिंग, म्हणजे डेक आणि इंजिन दोन्हीकडच्या कामाचा खलाशी. सहा महिन्यांचा निवासी कोर्स, डीजी शिपिंग या केंद्र सरकारच्या जहाजवाहतूक खात्याची मान्यता असलेल्या संस्थेतच. वय साडेसतरा ते पंचवीस, दहावीला एकूण ४० टक्के आणि इंग्रजीतही ४० टक्के. अधिकारी व्हायचं असेल तर बारावी सायन्सनंतर इंडियन मेरीटाइम युनिव्हर्सिटीची प्रवेश परीक्षा. मान्यता असलेल्या संस्थांची यादी डीजी शिपिंगच्या वेबसाइटवर आहे. पैसे भरायच्या आधी त्या यादीत नाव शोधा. एजंटने दाखवलेल्या छापील कागदावर नाही, स्वतः मोबाइलवर उघडून.

सीडीसी म्हणजे खलाशाचं ओळखपुस्तक. ते असलं म्हणजे नोकरी लागली असं नाही. 'सीडीसी काढून देतो आणि लगेच जहाज' असं कुणी म्हणालं तर उठून यायचं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं : जहाजावर भरती करणाऱ्या कंपनीकडे आरपीएसएल हा परवाना लागतो, आणि नोकरी लावून देण्याबद्दल खलाशाकडून पैसे घ्यायला तिला कायद्याने बंदी आहे. खर्च जहाजमालकाचा. आंतरराष्ट्रीय कामगार करारातही तेच आहे आणि भारताने तो २०१५ मध्ये स्वीकारलाय. म्हणजे 'जॉइनिंगचे इतके लाख' मागणारा माणूस मागता क्षणीच कायदा मोडतोय.

दादांना सांगा, पोलिसांत तक्रार करा आणि डीजी शिपिंगलाही लेखी कळवा. पैसे परत मिळतील अशी खोटी आशा मी देणार नाही, पण पुढचा बाप वाचेल. आणि पुतण्याला माझ्याकडे पाठवा. जहाजासाठी नाही. गॅरेजमध्ये हात बसलेल्या पोराची आम्हाला होड्या बांधायला गरज आहे.

संस्थेचा नियमही इथेच जाहीर करतो. आम्ही कुणालाही नोकरी लावणार नाही, कुठल्याही प्रशिक्षण संस्थेकडून पोरामागे एक रुपया घेणार नाही. वाट सांगू, कागद तपासून देऊ, मुंबईला सोबत येऊ.

--

चोपडेकर :

हा प्रतिसाद प्रिंट काढून शाळेच्या फलकावर लावतोय.

--

जिभाऊ (शिंदखेडा) :

भाऊ, बठ्ठं वाचं. भलतं भारी काम शे. मना आंडोर दहावीले शे. त्याले जहाजवर जावानं शे, पण त्याले चष्मा लागेल शे. चाली का? आनि तुम्हना आठे पैसा कितला लागतीन?

--

नांगर (रावेर) :

जिभाऊ, आमच्याकडे पैसे लागणार नाहीत, येण्याजाण्याचं भाडंही संस्था देईल असा प्रयत्न आहे.

चष्म्याचं मात्र स्पष्ट सांगतो. डेकवरच्या कामाला चष्म्याशिवाय नजर चांगली लागते आणि रंगांधळेपणा अजिबात चालत नाही. रात्री समोरच्या जहाजाचा लाल दिवा दिसतो की हिरवा, त्यावर ते कुठल्या अंगाने चाललंय ते कळतं. लाल म्हणजे त्याची डावी बाजू, हिरवा म्हणजे उजवी. तिथे चूक झाली तर टक्कर. त्यामुळे आता, दहावीच्या आधीच, डोळ्याच्या डॉक्टरकडून नजर आणि रंगदृष्टी दोन्ही तपासून घ्या. इंजिनच्या बाजूला थोड्या नंबराचा चष्मा चालतो. आणि नाहीच जमलं तरी त्याला होडी शिकायला पाठवा, तिथे चष्मा दोरीने बांधला की झालं.

--

अमळनेरची_लेक :

मुलींनी जहाजावर जाण्याबद्दल तुमचं खरं मत सांगा. मी बारावी सायन्सला आहे. घरी विषय काढला की सगळे हसतात.

--

नांगर (रावेर) :

ताई, पूर्वी जहाजावर बाई दिसायची नाही, माझ्या शेवटच्या काही वर्षांत दिसू लागल्या. थर्ड ऑफिसर, कॅडेट. काम चोख. अडचणी आहेत, चार-सहा महिने मोजक्याच माणसांत राहायचं, कधी तुम्ही एकट्याच बाई असाल. तक्रार कुणाकडे करायची ते जहाजावर चढायच्या आधी माहीत पाहिजे, आणि ते आम्ही शिकवू.

घरच्यांना एक गोष्ट सांगा. नौदलाच्या दिलना के. आणि रूपा ए. या दोघी अधिकारी तारिणी या शिडाच्या होडीतून २ ऑक्टोबर २०२४ ला गोव्याहून निघाल्या आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून २९ मे २०२५ ला परत आल्या. होडीत दोघीच. २५,४०० सागरी मैल, वाटेत केप हॉर्न. पुरुषाचं म्हणाल तर शिडाच्या होडीतून एकट्याने जगप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय आपले दिलीप दोंदे, २००९-१० मध्ये. त्यांची म्हादेई गोव्यात बांधलेली. पुढे सहा महिला अधिकाऱ्यांचा चमू २०१७-१८ मध्ये तारिणीतून प्रदक्षिणा करून आला. यापुढेही कुणी हसलं तर त्यांच्यासमोर प्रवेश परीक्षेचा अर्ज भरा.

--

नर्मदामाय (धडगाव) :

सगळं वाचलं. काहीतरी राहतंय असं वाटलं म्हणून लिहिते.

तुम्ही खान्देश म्हणता आणि जळगावच्या तलावापाशी थांबता. नंदुरबार जिल्ह्यात अक्कलकुवा आणि अक्राणीची ३३ गावं सरदार सरोवराच्या बुडितात आली. २०१९ मध्ये धरण पहिल्यांदा पूर्ण १३८.६८ मीटरपर्यंत भरलं. आमच्या कित्येक पाड्यांना आजही रस्ता नाही, होडी हाच रस्ता. मी आरोग्याचं काम करते. तरंगत्या दवाखान्यातून पाड्यांवर जाते. लसीचा डबा होडीत, बाळंतीण होडीत, रेशन होडीत, शाळेतून सुट्टीला येणारी पोरं होडीत. आमची पोरं वल्हं मारायला कुणाकडून शिकत नाहीत, आठ वर्षांचा पोरगा डोंगी घेऊन जाळं टाकून येतो. पाण्याची भीती काढायची गरज तुमच्याकडे असेल, आमच्याकडे ती कधी नव्हतीच.

आमच्याकडे माणसं मरतात ती होडीत जास्त लोक बसल्याने. जानेवारी २०१९, संक्रांतीचा दिवस, भुषाजवळ नर्मदेची पूजा करायला निघालेली होडी उलटली. लहान पोरं गेली. माणसं होडीच्या ताकदीपेक्षा कितीतरी जास्त बसली होती. लाइफ जॅकेट कुणाच्या अंगावर नव्हतं. त्यानंतर जॅकेटं वाटली गेली, ती कोपऱ्यात पडून उंदरांनी कुरतडली, कारण उन्हात नको वाटतात आणि बांधायची कशी हे कुणी बसून शिकवलं नाही.

तर तुमचं दर्यावर्दी शिक्षण आमच्या नावाड्यांना द्याल का? आमच्या पोरांना पदक मिळालं तर आनंदच, पण आधी ती जिवंत घरी यायला हवीत.

--

वाघूरकाठ :

या ताईंच्या प्रतिसादानंतर माझा विरोध अर्धा राहिला. हे काम करणार असाल तर परवानग्यांची कागदपत्रं मी तयार करून देतो.

--

नांगर (रावेर) :

ताई, तुमचा प्रतिसाद रात्री वाचला आणि सकाळी आमच्या मंडळींना फोन केले. आम्ही तिकडे येतो. पहिलं काम तिथे, मेहरूण नंतर.

जहाजावर याच दुखण्याचं औषध दीडशे वर्षं चालत आलंय. विलायतेत मालक लोक जहाजात ठासून माल भरायचे, जहाज बुडालं तर विमा मिळायचा, मरायचे ते खलाशी. सॅम्युअल प्लिम्सॉल नावाच्या खासदाराने संसदेत भांडून १८७६ मध्ये कायदा करून घेतला, की प्रत्येक जहाजाच्या कुशीवर खूण रंगवायची आणि ती खूण पाण्याखाली गेली की जहाज निघणार नाही. आजही जगातल्या मालवाहू जहाजांवर ती खूण असते. ती पाहायला शिक्षण लागत नाही. अंगठेबहाद्दर माणसालाही दिसतं, पट्टा पाण्याच्या वर आहे की खाली.

तुमच्याकडच्या होड्यांवर असाच पट्टा मारूया. कुठे मारायचा ते अंदाजाने ठरवायचं नाही. मेरीटाइम बोर्डाच्या सर्वेक्षकाला सोबत आणायची खटपट वाघूरकाठ साहेबांच्या मदतीने करतो, तो प्रत्येक होडी मोजेल. पट्ट्याचा फायदा असा, की नावाड्याला पाहुण्यांशी भांडावं लागत नाही. तो पट्टा दाखवतो. आणि उतरा म्हणायचं बळ त्याला यावं म्हणून गावच्या कारभाऱ्यांसमोरच तो रंगवायचा.

जॅकेटांबद्दल एक बारीक गोष्ट. न्यूटन म्हणजे जॅकेट माणसाला किती जोराने वर उचलतं त्याचं माप. ५० न्यूटनची जॅकेटं खेळासाठी, शुद्धीत असलेल्या पोहणाऱ्यासाठी. बेशुद्ध माणसाचं तोंड पाण्यावर राहायला १५० न्यूटनची लागतात. वाटलेली कुठली आहेत ते आतल्या शिक्क्यावर लिहिलेलं असतं, फोटो पाठवाल का? आणि लहान बाळांच्या मापाची आहेत का? मोठ्याचं जॅकेट पोराला घातलं तर पाण्यात पोर खाली सरकतं आणि जॅकेट वर निघून येतं.

शिकवायला आम्ही येऊ, पण तुमची पोरं आमच्यापेक्षा सरस नाविक आहेत. त्यांतली चार-सहा मोठी पोरं निवडून द्या. बुडणाऱ्याला होडीतून दोर कसा टाकायचा, उलटलेल्या होडीला सगळ्यांनी कसं धरून राहायचं, पोटातलं पाणी काढत न बसता तोंडाने श्वास कधी द्यायचा, हे ती शिकतील आणि भिलोरी-पावरी बोलींतून तीच पुढे शिकवतील. त्यांच्यातल्या कुणाला नंतर समुद्रावर जायचं असेल तर दहावीच्या इंग्रजीची शिकवणी आत्तापासून लावू. आमचा जानेवारीत यायचा विचार आहे. चालेल?

--

नर्मदामाय (धडगाव) :

जानेवारीत नको भाऊ. तेव्हा निम्मे नावाडी गुजरातेत ऊसतोडीला असतात. होळीच्या आदल्या आठवड्यात या. होळीला आमच्याकडचा माणूस कुठेही असला तरी घरी येतो, कारभारीही भेटतील आणि पोरंही. पाणी थोडं खाली गेलेलं असेल, होड्या काठावर ओढून पालथ्या घालता येतील, म्हणजे बुडाकडची डागडुजीही बघता येईल.

राहायची सोय आश्रमशाळेत करते, अंथरूण-पांघरूण आणा. जॅकेटच्या शिक्क्याचे फोटो शनिवारी पाठवते, धडगावला उतरले की रेंज येते. रंग पांढरा आणू नका. बुडाला गाळ लागला की पांढरा दिसत नाही. पिवळा आणा.